मायलोग्रामला खूप दुखतं का? नंतर किती दिवस झोपून राहावं लागतं?

मायलोग्राम म्हणजे मज्जारज्जू आणि तिथल्या नसा दिसाव्यात म्हणून पाठीच्या कण्यात डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) सोडून करायची तपासणी. तिच्यात दुखण्यापेक्षा धास्तीच जास्त. पालथं झोपवतात आणि कमरेची जागा बधिर करतात. त्या इंजेक्शनची चुरचुर तेवढी जाणवते. मग मणक्यांच्या फटीतून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात डाय सोडतात. कमरेत दाब येतो. पायात कळ गेली तर हलू नका, तोंडाने सांगा. डाय वर-खाली सरकावा म्हणून अख्खं टेबलच तिरकं करतात. पट्टे बांधलेले असतात, तरी आपण घसरतोय असं वाटतंच! एक्स-रे, पाठोपाठ बहुधा सीटी. साधारण तासाभराचं काम.

नंतर दिवस नाही, काही तास पडून राहायचं, तेही डोकं थोडं उंच ठेवून. पाणी भरपूर प्या. त्या दिवशी वाकणं, ओझं उचलणं, गाडी चालवणं नको. उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, ही नेहमीची तक्रार. दोन दिवसांत उतरलं नाही, किंवा ताप आला, मान आखडली, पाय बधिर झाले, लघवी अडली, तर लगेच डॉक्टर गाठा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.