केंदाळ, गाळ आणि गमबूट: वाचकांचे प्रश्न

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातले केंदाळ (जलपर्णी) आम्ही दर मे महिन्यात काढतो. पाऊस लागला की नाला पुन्हा भरतो आणि भात पाण्याखाली. चुकतंय कुठे? (शेतकरी, वडगाव शिवार)

सुरुवात तुम्ही आपल्या बांधापासून करता, तिथेच. केंदाळ तरंगतं. वरच्या अंगाला राहिलेलं पहिल्या लोंढ्याबरोबर तुमच्याकडेच येणार. म्हणून काम वरून खाली न्यायचं. त्यासाठी वरच्या शिवारातल्यांना सोबत घ्यावं लागतं, आणि खरं सांगायचं तर केंदाळ ओढण्यापेक्षा हेच जड जातं.

मे महिना उशिराचा. जांभळी फुलं येऊन बी गाळात पडलं, की ते पंधरा-पंधरा वर्षं रुजू शकतं. फुलायच्या आधी उपसा. काढलेला ढीग काठावर ठेवू नका, नाहीतर वळवाचा पाऊस तो परत नाल्यात लोटतो. शहराचं सांडपाणी हेच केंदाळाचं खत. ते येत राहील तोवर वर्षातून एकदा काढून भागणार नाही. या केंदाळापासून केलेलं खत भाजीला घालू नका, कारण केंदाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं.

आणखी एक. केंदाळ दिसतं म्हणून सगळे त्यालाच शिव्या देतात. पुलाखालच्या पाईपात बसलेला गाळ दिसत नाही, पण पाणी तोही तुंबवतो. आधी तो बघा.

कॉलेजच्या मुलांबरोबर नाला साफ करायला जायचंय. आई नको म्हणते. (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

आईचं निम्मं बरोबर आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जंतू पायाच्या बारीक जखमेतूनही शिरतात. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे नसतील तर काठावर थांबून पोती भर. पुढच्या महिनाभरात ताप आला, तर ‘नाल्यात उतरले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही. पावसाळ्यात आत उतरायचंच नाही.

मलप्रभेच्या घाटाजवळ जेसीबी लावून गाळ काढायचा आहे. परवानगी लागते का? (खानापूर)

हाताने प्लास्टिक वेचायला फक्त कळवा. जेसीबी मात्र लेखी परवानगीशिवाय पात्रात घालू नका. गाळाबरोबर वाळू निघाली की बेकायदा उपशाचा ठपका तुमच्यावर. नगर पंचायत आणि तहसीलदार, दोघांनाही अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. भाषेचा लढा आपल्या जागी, इथे कागद पुढे सरकायला हवा.

कणकुंबीहून निघालेली नदी इथे अजून लहान आहे. काठची झाडं तोडून ‘सुशोभीकरण’ तेवढं करू नका.

वेदगंगेत निर्माल्य टाकणाऱ्यांना कसं अडवायचं? (गृहिणी, निपाणी तालुका)

अडवू नका, ताई, भांडणं होतात. घाटावर येण्याच्या वाटेवर मोठा कुंड ठेवा आणि सणाच्या दिवशी शेजारी कुणीतरी उभं राहा. दोरा आणि पिशवी वेगळी काढली की फुलांचं खत होतं.