सतराच्या गटात जाऊ का? आधी बॉल मोज

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. १७ वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघाच्या सरांनी तुला सरावाला बोलावलंय, बाबा म्हणतात संधी सोडू नकोस, आई म्हणते एवढ्यात नको, आणि चौदाच्या संघातल्या मैत्रिणी आत्तापासूनच तुटक बोलायला लागल्यात. तेरा वर्षांच्या मुलीवर एवढा गुंता एकदम पडायला नको होता. पडलाय, तर सोडवू. तू चांगली खेळतेस का, हा प्रश्न मी घेतच नाही; खेळत नसतीस तर बोलावणं आलं नसतं. माझा प्रश्न एकच आहे. या मोसमात बॉल तुझ्याकडे कुठे जास्त वेळा येणार आहे?

हे मोजता येतं, म्हणून मोज. पूर्ण सामना सात इनिंगचा, म्हणजे तुमच्या संघाला २१ आऊट. फलंदाजीला नऊ जणी. कुणीच बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या थांब्यावर, पोहोचलं नाही तरी सुरुवातीच्या नऊतल्या प्रत्येकीची पाळी दोनदा येतेच, थोडे हिट आणि वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट मिळणारा बेस) मिळाले की तिसऱ्यांदाही येते. दहा सामन्यांत पंचवीस-तीस वेळा तू बॅट घेऊन प्लेटवर उभी राहतेस. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, उभी असशील तर ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल), रिले (लांबून आलेली फेक पुढे देणं), सेकंड बेसचं कव्हर हे सगळं वेगळं. आता बेंचवरच्या मुलीचं मोज. वेळेमुळे किंवा मोठ्या धावफरकामुळे सामना लवकर संपला तर तिची पाळी शून्य. नाहीतर शेवटच्या इनिंगला राइट फील्ड, म्हणजे फर्स्ट बेसच्या मागे लांब, आणि त्या बाजूला बॉल गेला तर गेला. जर्सीवर कुठला गट लिहिलाय हे तुझ्या हातांना कळत नाही. हात बॉलने शिकतात.

सरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: मी सुरुवातीच्या नऊत असेन का, आणि कुठल्या जागेवर? ‘बघू’, ‘शिकायला मिळेल’, ‘मोठ्या मुलींबरोबर राहिलीस तरी फरक पडेल’ ही उत्तरं नाहीत. लहान, चपळ मुलीला वर बोलावण्याचं एक कारण उघडपणे कुणी सांगत नाही, ते मी सांगते. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं. म्हणून जड पायांची पण जोरदार मारणारी मुलगी बेसवर पोहोचली की तिच्या जागी तुला पळवायचं आणि पुढच्या इनिंगला तिला परत घ्यायचं, हे संघाला फार सोयीचं पडतं. त्यात वाईट काही नाही; संघाची ती गरज आहे. पण तू वर्षभर फक्त पळणार असशील तर बॅटिंग कधी शिकणार? तुला पळण्यासाठी बोलावलंय का, हे स्पष्ट विचार. सरांना राग येणार नाही. आला तर तेही कळलेलं बरं.

आता खेळातला फरक बघ, कारण ‘मोठ्या मुली जास्त जोरात टाकतात’ एवढं पुरेसं नाही. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं, म्हणजे फलंदाजाकडे बॉल टाकण्याचं, पूर्ण अंतर १३.११ मीटर. पिचर पुढे झेपावून बॉल सोडते, तेव्हा प्रत्यक्षात सव्वाअकरा मीटरच्या आसपास उरतात. ताशी ६० किलोमीटरचा बॉल तेवढं अंतर साधारण ०.६८ सेकंदात कापतो, ताशी ८०चा ०.५१ सेकंदात. चौदाच्या गटात तू बॉल बघून मग पाय टाकतेस आणि मारतेस. तिकडे पाय आधीच पडलेला असावा लागतो. नाहीतर तू उजव्या हाताने खेळतेस म्हणून सगळे फटके फर्स्ट बेसच्या बाजूला, उशिरा, वर उडालेले जातील आणि तुला वाटेल हातात जोर कमी पडतोय. जोर नाही, वेळ चुकतेय.

हे घरच्या मैदानावर तपासता येतं. सरांना किंवा दादाला जाळीच्या आडून ८.५ मीटरवरून, ताशी ६०च्या आसपासचा, मऊ बॉल टाकायला सांग. वेळ तेवढाच मिळेल जेवढा ८०च्या पिचिंगला मिळतो. २० बॉल खेळ. निम्म्याहून जास्त बॉल पुढच्या भागात, सरळ रेषेत लागले तर डोळे तयार आहेत. पाच-सहाच लागले तर वरच्या संघात जाऊनही तेच होईल, फक्त तिथे २० बॉल कुणी टाकत नाही. तीन स्ट्राइक झाले की परत बेंच.

बॅटचंही बघ. नियमाने बॅट ३४ इंचांपर्यंत चालते आणि शाळेच्या किटबॅगेत बहुतेक वेळा मोठ्या मुलींच्या मापाच्याच बॅटी पडलेल्या असतात. एका हाताने, कोपर सरळ ठेवून, बॅट खांद्याच्या उंचीला २० सेकंद धर. टोक खाली झुकलं किंवा हात थरथरला तर ती बॅट तुझी नाही. दुसरी मिळेपर्यंत मूठ दोन इंच वर सरकवून धर. लाज कसली वाटते त्यात?

फेकीचं मोजमाप सोपं आहे. दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणून थर्ड ते फर्स्ट आणि होम (प्लेट) ते सेकंड ही तिरकी फेक २५.८७ मीटरची. दहा फेका. आठ तरी छातीच्या उंचीला, टप्पा न पडता पोहोचल्या पाहिजेत, आणि दहावी पहिलीसारखी असली पाहिजे. दहावी फेक कोपर खाली पाडून, खांदा ओढून जात असेल तर थांब. कॅचर म्हणून, म्हणजे प्लेटमागे बॉल झेलायला, बोलावलं असेल तर आणखी कडक परीक्षा. पिचरच्या हातातून बॉल सुटला की रनर बेस सोडते. सतराच्या गटातली चपळ मुलगी सेकंडला तीन-सव्वातीन सेकंदांत स्लाइड करते. पिचचा, म्हणजे टाकलेला बॉल तुझ्यापर्यंत येण्याचा, अर्धा सेकंद वजा कर. बॉल तुझ्या ग्लव्हमध्ये आल्यापासून सेकंडवरच्या ग्लव्हमध्ये जाईपर्यंत २.४ सेकंदांच्या आत काम झालं पाहिजे. मोबाइलवर स्टॉपवॉच आहेच.

थर्ड बेसला पहिल्या महिन्यात उभी राहू नकोस. बंटसाठी (बॅट नुसती लावून जवळच पाडलेल्या बॉलसाठी) पुढे सरकून प्लेटपासून १४ मीटरवर उभी असलेल्या मुलीकडे ताशी ९०ने आलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर लागून पोहोचतो, आणि या बॉलचं वजन १७८ ते १९८ ग्रॅम असतं. उभं केलंच तर चेहऱ्याचा मास्क घाल. मागायला संकोच करू नकोस.

पिचिंग करत असशील तर सगळ्यात जास्त काळजी इथे. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या मार्गदर्शनात १३-१४ वर्षांच्या सॉफ्टबॉल पिचरसाठी एका सामन्यात ८० पिच ही मर्यादा धरतात. पंधरानंतर ती १०० होते. खालून टाकते म्हणून खांदा दुखत नाही, हा समज चुकीचा आहे. पूर्ण गोल फिरणाऱ्या हातात खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या वर ताण येतो आणि तुझ्या वयात हाडाच्या टोकाची वाढ अजून सुरूच असते. दोन गट म्हणजे दोन सर. प्रत्येक जण आपल्या मैदानातले बॉल मोजतो. बेरीज कुणी करत नाही. ती तूच करायची: सामन्याचे, सरावाचे, वॉर्मअपचे, सगळे एका वहीत. इथेही माझं तेच म्हणणं आहे, बॉल मोज. फक्त इथे जास्त झाले की थांबायचं.

आणखी एक मोजणी दर महिन्याच्या एक तारखेला. दाराच्या चौकटीवर उंचीची खूण कर. महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढत असशील तर हात-पाय लांबतात, फेक भरकटते, कालपर्यंत येणारा स्विंग हरवतो. तो काळ जातो. पण नेमक्या त्याच काळात वरच्या गटात बेंचवर बसलेली मुलगी ‘माझा खेळ गेला’ असं ठरवून टाकते आणि नववीत क्लासचं कारण सांगून मैदान सोडते. असं कुणी खेळ सोडला की मला अजूनही राग येतो. त्या मुलीचा नाही, तिला घाईने वर ढकलणाऱ्यांचा. मला हट्टी म्हणतात, मुलींना मागे ओढते म्हणतात. म्हणू देत. मी कुणालाही जाऊ नको म्हणत नाही. खेळायला मिळत असेल तर आजच जा, मैत्रिणींचा रुसवा, आईची भीती काही मध्ये येऊ देऊ नकोस. चौदाच्या गटात तू प्रत्येक पिचरला सहज मारतेस, तुझ्याकडे आलेला एकही ग्राउंडर तुला अवघड जात नाही, अशी वेळ आली असेल तर तिथे थांबणंही वाया जाणंच आहे. सोपे तीस बॉल आणि अवघड तीस बॉल यांत मी अवघड निवडेन. पण तीस आणि तीन यांत तीसच. किती वेळा सांगू!

बाबांना सांग की वरचा गट पळून जात नाही. चौदाचं वय ओलांडलं की सतराच्या गटात तुझी तीन वर्षं आहेतच. चौदाचा गट मात्र एकदा सुटला की परत नाही. लहान मुलगी वर खेळू शकते, मोठी खाली येऊ शकत नाही. जिल्हा, विभाग, राज्य ही वाट चौदातही आहे, आणि तिथे कर्णधार म्हणून इन्फिल्ड (बेसजवळच्या खेळाडू) हलवणं, पिचरला शांत करणं, दोन आऊट असताना बंट लावायचा की नाही ते ठरवणं हे तुला यंदाच करायला मिळेल. क्रीडागुणांची घाई आठवीत करू नका, ते दहावीला लागतात.

एकाच वर्षी दोन्ही गटांच्या शालेय स्पर्धांत नाव देता येईल का, हे तुमच्या क्रीडाशिक्षकांना यंदाचं परिपत्रक हातात घेऊन विचार. ओळखपत्र आणि प्रवेशिका भरण्याआधी विचार. नंतर नाव काढणं म्हणजे दोन्हीकडून जायची वेळ. बाहेरगावी संघासोबत कोण ताई किंवा मॅडम येणार, राहायची सोय कुठे, हे आईने विचारायचं, तू नाही.

मधली वाटही असते आणि बहुतेक मुलींना तीच लागू पडते. आठवड्यातून दोन दिवस सतराच्या संघाबरोबर सराव, सामने चौदाचे. सरावात त्यांच्या पिचरसमोर उभं राहायला मागून घे, नुसते बॉल गोळा करत फिरू नकोस. सरांना सांग, प्रत्येक सरावात मला पिचरने सामन्यासारख्या टाकलेल्या किमान १५ पिच हव्यात. सहा आठवडे हे कर आणि वहीत तीन रकाने ठेव: किती पिच खेळले, किती नीट लागले, किती ग्राउंडर आले. चौथा रकाना चौदाच्या सामन्यांसाठी.

सहा आठवड्यांनी वही घेऊन ये. नीट लागलेल्यांचा आकडा निम्म्याच्या वर गेला असेल आणि सरांनी जागेचं नाव घेऊन उत्तर दिलं असेल, तर बाबांशी मी बोलायची गरज नाही, आईशी बोलेन.

तुझी ताई