इंधन, इंधण, जळण : ‘स्वच्छ इंधन’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : वडोदऱ्यात आमच्या मंडळाच्या वादविवाद स्पर्धेला विषय ठेवला आहे, ‘स्वच्छ इंधन विरुद्ध जीवाश्म इंधन : रोजगार कशात जास्त?’ यात ‘जीवाश्म’ बरोबर, ‘खनिज’ बरोबर, की गुजराती वर्तमानपत्रांतलं ‘अश्मीभूत’? आणि आपल्याकडची मंडळी ‘इंधण’ म्हणतात ते अशुद्ध का?

उत्तर : ‘जीवाश्म’कडे नंतर येऊ. त्याहून मोठी चूक विषयाच्या पहिल्या दोन शब्दांत आहे. सौर आणि पवन विजेला ‘स्वच्छ इंधन’ म्हणणं भाषणांतून आणि बातम्यांतून ऐकून ऐकून कान किटले. ऊन हे इंधन नाही, वारा हेही नाही.

इंधन आलं संस्कृत ‘इन्ध्’ या धातूपासून, अर्थ पेटवणं. याच धातूला ‘सम्’ लागून समिधा झाली. ‘एधस्’ म्हणजे जाळायचं लाकूड, तेही याच घरातलं. गीतेच्या चौथ्या अध्यायातला 37वा श्लोक आठवा : ‘यथैधांसि समिद्धोऽग्निः’. जळणारं लाकूड आणि पेटलेला अग्नी, दोघांचे शब्द एकाच धातूचे, एकाच चरणात शेजारी बसलेले! वैदिक यज्ञात अग्नी पेटता ठेवणाऱ्या ऋत्विजाचं नाव ‘अग्नीध्’, त्यातला शेवटचा तुकडाही हाच. ग्रीकमध्ये ‘ऐथो’ म्हणजे मी पेटवतो, तो याच धातूचा दूरचा भाऊ. इतक्या कुळात कुठेही ज्वाळेशिवाय काही नाही. म्हणून कसोटी सोपी आहे : इंधनाच्या जागी ‘जळण’ घालून बघा. कोळसा जळण आहे, डिझेल आहे, गोवरी आहे, हायड्रोजनही आहे. ‘सौर जळण’ म्हणून बघा, वाक्य तिथेच मोडतं.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली ती ‘स्वच्छ ईंधन, बेहतर जीवन’ हे हिंदी घोषवाक्य घेऊन, आणि ते होतं स्वयंपाकाच्या गॅसबद्दल. चुलीच्या धुराच्या तुलनेत गॅस स्वच्छच, त्यात वाद नाही. पण तो येतो खनिज तेलातून आणि नैसर्गिक वायूतून. आपल्याच शहराबाहेर कोयलीची रिफायनरी 1965पासून तेल शुद्ध करते आहे, तिथूनही सिलिंडरचा गॅस निघतो. म्हणजे तुमच्या विषयात सिलिंडर दोन्ही बाजूंना बसतो. स्पर्धक काय डोंबल वाद घालणार?

आता ‘जीवाश्म’. पाठ्यपुस्तकं हाच शब्द धरून बसली आहेत आणि परिभाषा घडवणारे त्याची पाठराखण करतात. मला तो पटत नाही. अश्म म्हणजे दगड. अंकलेश्वरच्या विहिरीतून येणारं तेल दगड आहे का? आणि वायू तरी दगड आहे का? ‘अश्मीभूत’ तर त्याहून वाईट, कारण त्यात दगड झाल्याची ग्वाहीच दिली आहे. इंग्रजी ‘फॉसिल’ला जीवाश्म हा प्रतिशब्द शिळेत उमटलेल्या पानाला किंवा हाडाला चोख आहे, पण इंधनामागे तो नुसता डकवला गेला. मूळ लॅटिन ‘फोदेरे’ म्हणजे खणणं आणि ‘फॉसिलिस’ म्हणजे खणून काढलेलं. अठराव्या शतकात ‘फॉसिल फ्युएल’ हा शब्दप्रयोग आला तोही याच अर्थाने : लाकूड तोडून आणायचं, हे खणून आणायचं. ‘खन्’पासून झालेलं ‘खनिज’ अक्षरशः तेच सांगतं. ‘मग युरेनियमही खनिज इंधन होईल’ असा आक्षेप हमखास येतो. अणुभट्टीत युरेनियम जळत नाही, त्याचा अणू फुटतो. ‘इन्ध्’ची कसोटी त्याला दारातच अडवते. ‘अणुइंधन’ हा लाक्षणिक शब्द आहे, त्याला तेवढाच मान द्यावा.

शब्दाचा एवढा आग्रह धरण्याचं कारण असं, की रोजगाराचं सगळं भांडण या ‘इन्ध्’ धातूतच आहे. इंधन रोज आणावं लागतं. वणाकबोरीच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर सुमारे 50 लाख युनिट होतात. युनिटमागे 0.7 किलो कोळसा धरला तर साडेतीन हजार टन, म्हणजे मालगाडीचा जवळजवळ एक अख्खा रेक, आणि उद्या पुन्हा तेवढाच. खाणीपासून राख उपसण्यापर्यंतची माणसं या रोजच्या फेऱ्यावर पोसली जातात. सौर विजेला हा फेराच नाही. घरावर 3 किलोवॉट बसवायचे तर 540 वॉटची सहा पॅनेलं लागतात. त्यांच्या सांगाड्यापासून इन्व्हर्टर, अर्थिंग आणि नेट मीटरपर्यंतचं काम तीन-चार माणसं थोड्या दिवसांत उरकतात. पुढे धुणं आणि कधीमधी दुरुस्ती. पॅनेलांमधला जोड नीट दाबला नसेल तर तो तापून वितळतो, आग लागते. म्हणून इथे हात कसबी हवा. वडोदरा शाखा कालव्यावरचा 2015चा 10 मेगावॉटचा प्रकल्पही तसाच : उभारताना गर्दी, चालवताना मोजकी माणसं.

म्हणून एक पक्ष उभारणीतले मजूर कायमच्या नोकऱ्यांत मोजतो, तेव्हा तो फसवतो. दुसरा पक्ष कोळशाच्या नोकऱ्या अक्षय असल्यासारखं बोलतो, तोही फसवतो : 2023-24मध्ये कोल इंडियाने 77 कोटी टनांहून जास्त कोळसा काढला आणि तिचे कायम कर्मचारी अडीच लाखांच्या आत होते. यंत्रं आली, कंत्राटदार आले, पगारपत्रक आखूड झालं. दोन्हीकडे ‘इंधन’ म्हटलं की ही दोन वेगळी गणितं एकाच रकान्यात पडतात.

‘इंधण’ अजिबात अशुद्ध नाही. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ होतो, गुजरातीने तो राखला. मराठीनेही दळण, कांडण, सारवण, जळण यांत राखलाच आहे. लिहिताना तत्सम ‘इंधन’ ठेवा. बोलताना कुणी ‘इंधण’ म्हणालं तर पुण्याचा दाखला देऊन त्याला टोकू नका.

विषय असा छापा : ‘खनिज इंधन की सौर-पवन वीज : रोजगार कशात जास्त?’ आणि खाली एक ओळ घाला, की उभारणीचं काम आणि कायमची नोकरी स्पर्धकांनी वेगळी मोजावी.