सुई मारून बारा दिवस झाले, मग हे रक्त आलं कुठून?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर साहेब. आमचे बाबा ६४ वर्षांचे, कास्तकार, घाटंजी तालुका. सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) आधीपासून होतंच, दिवाळीच्या आधी सोनोग्राफीत लिव्हरमध्ये अडीच सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरला सुईनं जाळली, टाका नाही की काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पाचव्या दिवशी तर बाबा वावरात जाऊन पऱ्हाटी पाहून आले. मंग बाराव्या दिवशी उजवीकडे बरगडीखाली कळा, संडास काळी, डोळे पिवळे. गावात ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, दोन दिवस त्यातच गेले अन् तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणातच चक्कर येऊन पडले. नागपूरला नेलं तं हिमोग्लोबिन ६, रक्त चढवलं, जांघेतून तार घालून कॉइल टाकली म्हणे. आता बरे हायेत. पण चीरफाडच नव्हती तं रक्त आलं कुठून? गावातले लोकं म्हणतात डॉक्टरनं नस तोडली. आता एक दुसरी छोटी गाठ दिसून रायली, तिले पुन्हा सुई मारू द्यायची का?

उत्तर : दादा, ते दोन दिवस गेले त्याचं ओझं डोक्यावर घेऊन बसू नका. काळी संडास म्हटली की ॲसिडिटी नाहीतर मूळव्याध, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि सिरॉसिसच्या पेशंटला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधूनही रक्त जातं त्यामुळे मोठ्या दवाखान्यातसुद्धा आधी एंडोस्कोपीच, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणीच करतात. बाबांच्या केसमध्ये डोळे पिवळे होणं आणि बारा दिवसांपूर्वीची सुई, या दोन गोष्टी एकत्र कोणी मांडल्या नाहीत एवढंच.

आता रक्ताचं. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त फिरतं. त्यातला पाऊण हिस्सा आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतून येतो, पाव हिस्सा लिव्हरच्या धमनीतून म्हणजे हेपॅटिक आर्टरीतून, पण प्रेशर असतं ते आर्टरीत. आणि ही आर्टरी, पोर्टल व्हेन अन् पित्ताची नळी तिघी लिव्हरमध्ये जोडीजोडीनं चालतात, एका पाइपात तीन वायरी टाकाव्या तशा. सुई गाठीपर्यंत नेताना किंवा गाठ जाळताना त्या उष्णतेनं बाजूच्या बारीक आर्टरीची भिंत कमजोर झाली तर ती लगेच फुटतेच असं नाही. सायकलचा टायर एका जागी फाटला की आतली ट्यूब फुगा होऊन बाहेर येते ना, तसा फुगा होतो, त्याला स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी फुटतो आणि शेजारी पित्ताची नळी असेल तर रक्त तिच्यात जातं, तिथून आतड्यात, म्हणून संडास डांबरासारखी काळी चिकट. नळीत रक्ताची गुठळी अडकली की कळा येतात, पित्त तुंबतं, डोळे पिवळे. हिमोबिलिया म्हणतात याला. दुखणं, कावीळ, रक्त ही तिकडी क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८७१ साली लिहून ठेवली, तेव्हा असल्या सुया कुठे होत्या! पण तिन्ही लक्षणं एकदम दिसतील म्हणून थांबायचं नसतं, बऱ्याच पेशंटमध्ये एखाददोनच दिसतात.

नस तोडली का? मी सीटी पाहिला नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरची बाजूही घेत नाही. पण चांगल्या हातूनही हे होतं. इटलीतल्या ४१ हॉस्पिटलांनी २००३ मध्ये अशीच सुईनं गाठ जाळलेल्या २,३२० पेशंटचा हिशोब छापला होता, त्यात मोठे कॉम्प्लिकेशन २.२ टक्के आणि मृत्यू ०.३ टक्के, आणि हे सगळे प्रकार मिळून, नुसत्या रक्तस्रावाचे नाहीत. सुई बाहेर काढताना तिची वाट जाळत जाळतच काढतात, ते रक्त येऊ नये म्हणूनच. पोटात रक्त साचायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत साचतं म्हणून रात्रभर ठेवतात, दुसऱ्या दिवशी सोडणं चूक नव्हतं. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, आणि काळी संडास झाली तर त्याच दिवशी या, हे एक वाक्य मराठीत कोणी सांगत नाही. नागपुरातल्या पेशंटला ऑटोनं येता येतं हो, घाटंजीहून निघायचं म्हणजे आधी गाडी शोधा मग पैसे.

कॉइल म्हणजे तारेची बारीक गुंडाळी, ती टाकून लिव्हरची फुटलेली आर्टरी बंद केली तरी चालतं का, असं कोणी विचारलं तर सांगा, लिव्हरला पोर्टलचं रक्त असतं म्हणून चालतं. पण सिरॉसिसमध्ये तो भरवसा कमी, म्हणून शक्य तितकी बारीक फांदीच बंद करतात.

दुसऱ्या गाठीबद्दल. एकदा असं झालं म्हणून सुईचं दार कायमचं बंद होत नाही, पण घाई नको. आधी हिमोग्लोबिन आणि कावीळ ठीक होऊ द्या. मग प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघतील, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा आयएनआर दीडच्या वर असेल तर डॉक्टर विचार करूनच हात लावतात, सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढून प्लेटलेट कमी असतातच. पोटात पाणी असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. गाठ कुठे आहे हे फार महत्त्वाचं, पित्ताच्या मोठ्या नळीजवळ असेल किंवा लिव्हरच्या काठावर बाहेर डोकावत असेल तर दुसरा मार्ग बघतील. बाबा हार्टची रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ती कधी बंद कधी चालू हे हार्टच्या डॉक्टरलाच विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. आणि अंगदुखीच्या गोळ्या, त्या मेडिकलवाल्याकडून सुट्या मिळतात त्या, अजिबात नको. मोहाची दारू घेत असतील तर तेही आता पुरे म्हणा.

लोहाच्या गोळीनं पण संडास काळी होते, पण ती घट्ट, हिरवट काळी असते. रक्ताची चिकट, चकचकीत, वास असा की घरात कळतो. शंका आली तर फोटो काढून डॉक्टरला दाखवा, लाजू नका.

प्रश्न : आईच्या जांघेतून औषध सोडून लिव्हरच्या गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, चौथा दिवस आहे, मांडीवर निळं निळं पसरलंय. घाबरायचं का? (वणी)

उत्तर : निळं पसरत खाली उतरतंय, मऊ आहे, दुखत नाही, तर ते आत झिरपलेलं रक्त आहे, दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून जाईल. पण जांघेत टणक गोळा आला आणि तो वाढतोय किंवा हाताला धडधडतोय, पाय गार पडतोय, किंवा कंबरेत, पाठीत दुखून चक्कर येतेय तर मांडीकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा आणि जांघेवर दोन बोटांनी घट्ट दाब देऊन ठेवा, गाडी येईपर्यंत सोडू नका.