गिट शिकायला सुरुवात नेमकी कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून कमांड पाठ झाल्या, पण काही अडलं की फोल्डर उडवून पुन्हा क्लोन करण्यावाचून, म्हणजे सगळी प्रत नव्याने उतरवून घेण्यावाचून, मार्ग दिसत नाही. नव्याने गिट शिकणारे बरेच जण इथेच अडकतात.

सर्वांत आधी गिटहब थोडे दिवस बाजूला ठेवा. गिट हे फाइलमधल्या बदलांचा इतिहास जपणारं, तुमच्या संगणकावर चालणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. गिटहब ही रिपॉझिटरी (प्रोजेक्ट आणि त्याचा इतिहास) इंटरनेटवर ठेवायची सेवा, आणि ती २००८ साली आली. दोन्ही एकदम हातात घेतली की एसएसएच की आणि टोकन या ओळख पटवण्याच्या भानगडीतच वेळ जातो आणि कमिट म्हणजे काय ते कळायचं राहून जातं. कमिट (बदलांची पक्की नोंद), ब्रँच (कामाची वेगळी वाट), लॉग (नोंदींची यादी) या सगळ्याला इंटरनेट लागतच नाही.

एक रिकामं फोल्डर घ्या, 'गिट इनिट' करा. 'गिट कॉन्फिग'ने नाव आणि ईमेल एकदा सांगून ठेवा. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ लिहा, अ‍ॅड करा, कमिट करा. आता दुसरी ओळ लिहून अ‍ॅड करा, पण कमिट न करता लगेच तिसरी ओळ लिहा आणि 'गिट स्टेटस' बघा. एकच फाइल दोनदा दिसेल: वर हिरव्या रंगात, खाली लाल रंगात. कारण अ‍ॅड केल्यावर गिट नुसतं फाइलचं नाव टिपून ठेवत नाही, त्या क्षणी फाइलमध्ये जे असेल ते पुढच्या कमिटसाठी उचलून ठेवतं. यालाच स्टेजिंग म्हणतात. 'गिट डिफ' म्हटलंत तर तिसरी ओळ दिसेल, 'गिट डिफ --स्टेज्ड' म्हटलंत तर दुसरी. कमिट केलंत तर दुसरी जाईल आणि तिसरी मागे राहील. मी नव्या सहकाऱ्यांना गिट दाखवतो तेव्हा हाच प्रयोग आधी करायला लावतो. स्टेजिंगवर तासभर बोलून जे उमगत नाही, ते इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट ब्रँचची. ब्रँच म्हणजे सगळ्या प्रोजेक्टची कॉपी, असं अनेकांना वाटतं आणि म्हणून ते ब्रँच करायला कचरतात. तुमच्या फोल्डरात लपलेल्या .गिट फोल्डरमध्ये रेफ्स, त्यात हेड्स असं जा आणि तुमच्या ब्रँचच्या नावाची फाइल उघडा. आत फक्त ४० अक्षरं आणि अंक असतील: शेवटच्या कमिटची ओळख. बास, एवढीच ब्रँच. हवी तेव्हा करा, नको झाली की काढून टाका.

फोल्डर उडवायची सवय मात्र मनापासून सांगतो, सोडा. त्यात पुश न केलेले, म्हणजे दुसरीकडच्या रिपॉझिटरीत न पाठवलेले, कमिट कायमचे जातात. खरं तर एकदा कमिट झालेलं काम गिट सहजासहजी हरवत नाही. चुकीचं रिसेट होऊन (ब्रँच जुन्या कमिटवर मागे जाऊन) कमिट दिसेनासा झाला तरी 'गिट रिफ्लॉग'मध्ये तो सापडतो. मूळ सेटिंगमध्ये अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी निदान ३० दिवस राहतात. धोका कमिट न केलेल्या कामाला आहे. 'गिट रिसेट --हार्ड' ते न विचारता पुसतं. म्हणून छोटे छोटे कमिट करा आणि गडबडून काही टाइप करण्याआधी स्टेटस वाचा, पुढे काय करता येईल ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. पासवर्डच्या फाइलची नावं मात्र पहिल्या दिवसापासून .गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलच्या यादीत) टाका. नंतर फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते.

जुन्या व्हिडिओंत सगळीकडे 'चेकआउट' दिसेल. २०१९ पासून ब्रँच बदलायला 'स्विच' आणि फाइल पूर्ववत करायला 'रिस्टोर' आहे. नव्याने शिकताना हेच वापरा, गोंधळ बराच कमी होतो. फक्त रिस्टोरनेही कमिट न केलेले बदल जातात, तेवढं लक्षात ठेवा.

हे अंगवळणी पडलं की रिमोटही (जिथे कमिट पाठवायचे आणि जिथून आणायचे ती दुसरी रिपॉझिटरी) घरच्या घरीच शिकता येतो. एका फोल्डरात 'गिट इनिट --बेअर' करा (यात फक्त इतिहास असतो, कामाच्या फाइल नसतात) आणि त्याचे दोन वेगळे क्लोन घ्या. पहिल्यातून एक कमिट पुश करा आणि दुसऱ्यात पुल करून घ्या. मग दोन्हीकडे तीच ओळ वेगवेगळी बदलून कमिट करा आणि पुश करा. दुसरा पुश नाकारला जाईल. तिथे पुल न करता आधी 'गिट फेच' करून नवे कमिट आणा, मग 'गिट मर्ज' करून ते आपल्या कामात मिसळा. कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे एकाच ओळीतल्या दोन बदलांच्या टकरीच्या, खुणा फाइलमध्ये उमटतील. त्या हाताने सोडवा, अ‍ॅड करा, कमिट करा, पुन्हा पुश करा.