नोटीस काढायच्या आधी रजेचे अर्ज बाहेर काढ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नाताळच्या रात्रपाळीला तुझ्या टीममधले अकरा लोडर (विमानात बॅगा चढवणारे-उतरवणारे) एकदम सिक, दोन फ्लाइट लेट, बेल्टवर बॅगा उशिरा आल्या म्हणून पॅसेंजरची आरडाओरड, मॅनेजरने त्या अकरा जणांची नावं व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'नाटक कंपनी' म्हणून टाकली, आणि आता तुला सांगितलंय की सगळ्यांना शो कॉज (कारणे दाखवा नोटीस) काढ. तू विचारतोयस की ह्या लोकांना लाज नाही का आणि नोटीस काढू की नको. लिहिण्यावरून तू नवीनच ड्युटी ऑफिसर झालेला वाटतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी पण मुंबई एअरपोर्टवरच रॅम्पवर (विमानं उभी करून भरतात तिथे) लागलो आणि ड्युट्या लावणाऱ्या रोस्टर डेस्कवरून रिटायर झालो, सहारचं नवीन टी-टू टर्मिनल उभं राहायच्या आधीपासूनचा माणूस आहे, त्यामुळे हे नाटक म्हणतात ते दोन्ही बाजूंनी बघितलंय.

लाजेचं नंतर बघू. आधी एक काम कर. त्या अकरा जणांपैकी किती जणांनी २४, २५ किंवा ३१ डिसेंबरसाठी आधी रजेचा अर्ज दिला होता ते काढ, आणि प्रत्येक अर्जावर उत्तर काय लिहिलंय ते बघ. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त लोकांनी अर्ज दिलेला असणार आणि त्यावर मंजूर पण नाही नामंजूर पण नाही, नुसतं 'बघू'. हे 'बघू' फार वाईट. माणूस रोज विचारतो सर माझं काय झालं, सर म्हणतात रोस्टर लागू दे, रोस्टर लागतं आदल्या दिवशी रात्री आणि त्यात त्याची नाइट असते. आता त्याच्याकडे काय उरलं? सीएल (कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा) मागितली तर तू नाही म्हणशील, कंप ऑफ (जादा ड्युटीच्या बदल्यातली सुट्टी) मागितला तर नाही म्हणशील, 'पोटात दुखतंय' ह्याला मात्र तुला नाही म्हणता येत नाही. आपल्या धंद्यात सिक कॉल हा एकच अर्ज असा आहे की जो आपोआप मंजूर होतो, म्हणून बाकीचे सगळे अर्ज जिथे अडकतात तिथे सगळी गर्दी ह्या एका दारातून बाहेर पडते.

आणि ह्यात अचानक काही नसतं रे. कोकणात किंवा यूपी-बिहारला जाणाऱ्या माणसाचं रेल्वेचं तिकीट बघ. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत तर १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे ज्याला गणपतीला, छठला, होळीला गावी जायचंय त्याने दोन महिने आधी पहाटे उठून, सकाळी आठला मोबाइल हातात धरून तिकीट काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, घरी सांगितलेलं असतं. त्याच्या डोक्यात जायचं ठरलंय ते दोन महिने आधी, आणि कंपनी त्याला उत्तर देणार आदल्या रात्री. मधल्या दोन महिन्यांत कधीही कुणी नीट सांगितलं असतं की बाबा यंदा जमणार नाही, पुढच्या सणाला तुझा पहिला नंबर, तर बहुतेक जण शिव्या घालून का होईना तिकीट कॅन्सल करून ड्युटीवर आले असते. असे आलेले मी बघितलेत. सगळे नाही येत, पण बहुतेक येतात.

नाताळाचं तर आपल्याकडे आणखी सोपं आहे. सहार, मरोळ, कलिना, वाकोला ह्या एअरपोर्टच्या आजूबाजूच्या गावठाणांमधली किती ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे ख्रिश्चन) आणि गोव्याची मंडळी पिढ्यान् पिढ्या एअरपोर्टला लागलेली आहेत. त्यांच्याशी अदलाबदल आम्ही कायम करायचो, गणपतीला ते ड्युटी उचलायचे, नाताळला आमची कोकणातली पोरं, ईदला दोघे मिळून. हे कुठल्या एचआरने शिकवलेलं नव्हतं, सुपरवायझर लोकांना प्रत्येकाचं घर माहीत होतं एवढंच. मग एका कंपनीत (नाव घेत नाही) हे आपापसात ड्युटी बदलणं बंद केलं, का तर सिस्टममध्ये दिसत नाही. त्या वर्षीच्या गणपतीत सिक कॉलची रांग लागली आणि वर मीटिंगमध्ये चर्चा कसली, तर कामगारांची वृत्ती कशी बिघडली ह्याची.

आता वरच्या लोकांना अकरा माणसांची एवढी आग का लागते ते पण समजून घे, कारण त्यांचंही अगदीच चूक नाही. दुकानात माणूस नाही आला तर बाजूच्या पोराला बसवता येतं. रॅम्पवर बीसीएएसच्या (विमान सुरक्षेचं सरकारी खातं) नियमाप्रमाणे एअरपोर्ट एंट्री पास लागतो, पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, त्यामुळे बाहेरून ऐन वेळी कुणी आणता येत नाही, जे पासवाले आहेत तेवढेच. आणि टर्नअराउंड, म्हणजे विमान येऊन परत निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या तासाचा, एक फ्लाइट लेट झाली की तेच विमान पुढच्या चार शहरांत लेट जातं, डिले रिपोर्टात उशिराचं कारण आकडी कोडने लिहितात, त्यात पुढे सगळीकडे ९३ (विमानच मागून उशिरा आलं) पडत जातो. पण पहिल्या डिलेला ३२ पडतो ना, लोडिंग-अनलोडिंगचा, तो कुणाच्या नावावर येतो? तुझ्या टीमच्या. चौघांचं काम दोघांनी केलं म्हणून वेळ लागला, ह्याला काही कोड नाही. पोरं ही गोष्ट बरोबर ओळखून असतात.

आणि ते काम काय आहे ते त्या मॅनेजरला एकदा करून बघायला सांग. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या होल्डमध्ये (विमानाच्या पोटातली सामानाची जागा) माणूस उभा राहू शकत नाही, गुडघ्यावर नाहीतर वाकून बॅगा लावायच्या, एकेक बॅग ३२ किलोपर्यंत असू शकते, मे महिन्यात आत भट्टी आणि पावसात बाहेर चिखल. ह्यातून रोज पाठ धरलेली असते. त्यामुळे 'खोटं सिक' आणि 'खरं सिक' ह्यात तू समजतोस तेवढी सरळ रेघ नाहीये. बरेच जण दुखत असताना येतात, सणाच्या दिवशी फक्त दुखण्याचं खरं सांगतात. केबिन क्रूचं तर अजून वेगळं, साधी सर्दी झाली आणि कान बंद असले तर विमान उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येतो, वेळ आली तर पडदा फाटतो, अशा माणसाने उडूच नये. बाहेरच्याला वाटतं सर्दीला काय सुट्टी घेतात.

सर्टिफिकेट मागण्याबद्दल. एका दिवसाच्या आजारपणाला मेडिकल सर्टिफिकेट सक्तीचं केलं की काय होतं सांगतो. ज्याला खरंच १०२ ताप आहे तो बिचारा घरी पडून असतो, तो कुठे जाणार दवाखान्याच्या लाइनीत. ज्याने बहाणा केलाय तो फिटफाट असतो, तो गल्लीतल्या डॉक्टरकडून शांतपणे कागद आणून देतो. म्हणजे खरा आजारी अडकला आणि खोटा सुटला. तुझे लोक महिना २१,००० च्या आतल्या पगाराचे असतील तर ईएसआयमध्ये (कामगारांची सरकारी विमा योजना) असणार, आणि ईएसआयचा आजारपणाचा भत्ता साधारण ७० टक्के असतो खरा पण पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत, त्यामुळे एक दिवस सिक मारून त्याला तिकडून दमडी मिळत नाही. मजा मारायला सिक घेतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सगळ्यात गाजलेला किस्सा अमेरिकेतला, २००४ चा नाताळ, यूएस एअरवेज. कंपनी दोन वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेलेली, ऑक्टोबरमध्ये कोर्टाच्या परवानगीने कामगारांचे पगार २१ टक्के कापलेले. आणि मग ऐन नाताळच्या वीकेंडला फिलाडेल्फियाला बॅगा चढवणारे आणि फ्लाइट अटेंडंट मोठ्या संख्येने सिक. शेकडो फ्लाइट रद्द, हजारो बॅगा नुसत्या ढीग मारून पडलेल्या, सरकारला चौकशी लावावी लागली. कंपनी म्हणाली थोड्या बेजबाबदार लोकांनी केलं, युनियन म्हणाली मुळात माणसंच कमी होती आणि तुम्ही उरलेल्यांचा जीव काढलात. आणि त्यावर कळस म्हणजे न्यू इयरच्या वीकेंडला कंपनीने आपल्याच स्टाफला सांगितलं की फिलाडेल्फियाला येऊन स्वखुशीने फुकट काम करा! २१ टक्के कापून वर श्रमदान.

आपल्याकडचं बघ. २००९ च्या सप्टेंबरमध्ये जेट एअरवेजचे पायलट पाच दिवस सिक होते, मुळात भांडण होतं युनियन बनवली म्हणून दोन पायलटना काढल्याचं. २०२२ च्या २ जुलैला इंडिगोच्या निम्म्याहून जास्त फ्लाइट लेट झाल्या कारण केबिन क्रू सिक सांगून एअर इंडियाच्या भरतीला गेला अशी चर्चा होती. आणि २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेस, शेकड्याने केबिन क्रू एका रात्रीत सिक, दुसऱ्या दिवशी सत्तरच्या वर फ्लाइट रद्द. कंपनीने लगेच २५ जणांना काढलं, आणि लगेचच दिल्लीत चीफ लेबर कमिशनरच्या ऑफिसात बसून त्याच २५ जणांना परत घ्यायचं मान्य केलं. त्यांची तक्रार नुसती पैशाची नव्हती, कर्मचाऱ्यांना सारखी वागणूक नाही, मॅनेजमेंट ऐकून घेत नाही, ही होती. आता सांग, रात्री टर्मिनेशन लेटर पाठवून काय कमावलं? जे बोलणं नंतर कमिशनरसमोर झालं ते आधी ऑफिसमध्ये चहा घेत झालं असतं तर कितीतरी पॅसेंजरचे हाल वाचले असते.

पण क्रू आणि पायलटचं दुखणं पेपरात येतं, लोडरचं येत नाही हे पण खरं. २०२४ च्या जुलैत कलिन्याला लोडरच्या भरतीला जी गर्दी उसळली, दोनेक हजार जागांसाठी हजारो पोरं चेंगराचेंगरी व्हायची वेळ येईपर्यंत उभी, ते व्हिडिओ तू बघितले असशील. तुझ्या मॅनेजरने पण बघितले असणार, आणि त्याचा अर्थ त्याने 'बाहेर लाइन आहे' असा घेतला असणार. 'बाहेर लाइन आहे' हे वाक्य मी रॅम्पवर इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नको. लाइन आहे ना, पण त्या लाइनीतल्या माणसाकडे पास नाहीये आणि त्याला होल्डमध्ये बॅगा कशा लावायच्या ते माहीत नाहीये, ते शिकवणार कोण, तर हेच अकरा जण.

ग्रुपवर नावं टाकली ते मला सगळ्यात जास्त खटकलं. नोटीस माणूस सहन करतो, कागदाला कागद देतो, विषय संपतो. ग्रुपवर त्याच्या गावचे चार जण असतात, मेव्हणा असतो, ज्याच्या ओळखीने लागला तो काका असतो. त्यांच्यासमोर 'नाटक कंपनी' म्हटलं की तो माणूस तुला परत कधी खरं सांगणार नाही. आणि त्या अकरांपैकी एखाद्याचं पोर खरंच ॲडमिट असलं तर? तो मेसेज डिलीट करायला सांग. मॅनेजर ऐकणार नाही, तरी सांग, आणि तू स्वतः त्या ग्रुपवर त्यावर हसणारा इमोजी टाकला असशील तर तो आधी काढ.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह घेतली तर तो संप धरतात. एचआरवाले आता ह्याची भीती घालतील. तुझे अकरा जण म्हणजे कंपनीचे निम्मे कामगार नव्हेत आणि सिक म्हणजे कॅज्युअल नव्हे, तेव्हा 'बेकायदा संप' वगैरे शब्द नोटिशीत घालून सही तुझी घेत असतील तर सही करू नकोस.

आता खोटं बोलले त्याचं काय? मी खोट्याची बाजू घेत नाहीये. ज्याचा फोटो त्याच रात्री गोव्याच्या बीचवरून आलाय, अर्ज पण दिला नव्हता आणि हे दर वर्षीचं आहे, त्याला एकट्याला बोलव, दार लावून बोल, आणि नोटीस द्यायची तर त्याला दे. अकराच्या अकरा जणांना एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून दिलास तर त्यातला प्रामाणिक माणूस पण पुढच्या वेळी बीचवर जाईल.

पण तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट सापडली नाही. त्या रात्री जे आले त्यांचं काय? अकरा जण नव्हते म्हणजे उरलेल्यांनी डबल ओढलं, बहुतेक सकाळच्या शिफ्टपर्यंत थांबले असणार. त्यांना रात्रीचं जेवण मिळालं का? डोंबिवली-नालासोपाऱ्याला जाणाऱ्यांना ड्रॉप मिळाला की सकाळच्या गर्दीत उभ्याने गेले? ओव्हरटाइम लिहिला की 'ॲडजस्ट करू' म्हणालात? गैरहजर माणसावर सगळेच बोलतात, त्याची मीटिंग होते, त्याची एक्सेल बनते. हजर माणसाला कुणी साधं 'तू होतास म्हणून विमान निघालं' असं म्हणत नाही. पुढच्या सणाला कोण सिक होणार ते इथेच ठरतं, कारण आलेला माणूस बघतो की न आलेल्याला एक कागद मिळाला आणि मला तोही नाही, वर पाठ गेली. तेव्हा नोटिशीच्या ड्राफ्टला हात लावायच्या आधी त्या लोकांचा ओव्हरटाइम आणि कंप ऑफ लिहून मंजूर करून घे, तारीख टाकून.

आणि हे सगळं निवांत करायला वेळ नाहीये हां. ह्या २०२६ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिमगा आहे, १९ मार्चला पाडवा आणि त्याला लागूनच चंद्र दिसेल तशी ईद, म्हणजे तुझ्या टीममधले हे तिन्ही सण करणारे लोक एकाच महिन्यात रजा मागणार. होळीच्या गाड्यांची तिकीटं ह्याच दिवसांत निघतायत. उद्याच ब्रीफिंगला एक कागद फिरव, कुणाला कुठली तारीख हवी ते लिहून घे, नाताळला जे हजर होते त्यांना पहिली पसंती दे, आणि पंधरा दिवसांत प्रत्येकाला हो की नाही ते सांग. 'नाही' असेल तर का नाही ते त्याच्याकडे बघून सांग. कागदाचा फोटो काढून ठेव, मॅनेजर बदलला तर लागेल.