गप्प वर्ग विचार करतच असतो

प्रश्न : परदेशातून आलेल्या शिक्षकांना मी प्रशिक्षण देते. त्यांचं लेखी काम उत्तम असतं, पण ‘या पाठाची चिकित्सा करा’ म्हटलं की सगळे गप्प. त्यांना चिकित्सक विचार शिकवावा लागेल का?

उत्तर : विचार त्यांच्याकडे आहेच, अडतं ते चारचौघांत बोलणं. अनेक संस्कृतींत गुरूच्या पाठातली चूक सर्वांदेखत दाखवणं हा अपमान समजला जातो. म्हणून पाठाचं टाचण निनावी द्या आणि ‘यात काय चुकलं?’ऐवजी ‘कोणत्या ओळीपाशी मूल अडेल, आणि का?’ असं विचारा. आधी ५ मिनिटं एकट्याने लेखन, मग जोडीत चर्चा, शेवटी वर्गात.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबल्यास उत्तरं लांब, सकारण येतात, असं अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं. परक्या भाषेत बोलणाऱ्याला तर १० सेकंदही द्यावेत. आपलं मत मात्र शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर सगळे माना डोलावतील.

गुण फक्त तोंडी सहभागावर देऊ नका. आणि तुमच्या देशातली पद्धतही तपासायला द्या, नाहीतर चिकित्सा एकतर्फीच राहते.